धोक्याचं कोष्टक

सैनिकी नोकरीत धोका किती, हे सरकारनं एका कोष्टकात बसवून टाकलंय. सातव्या वेतन आयोगानं जोखमीचे तीन टप्पे धरले, हालअपेष्टांचे तीन धरले, एक आडवे एक उभे मांडले आणि नऊ चौकोन पाडले. त्या नवांच्याही वर एक दहावा, एकटाच: सियाचीन. 2017 साली या दहाव्या चौकोनातल्या अधिकाऱ्याला महिना 42,500 रुपये आणि जवानाला 30,000 रुपये भत्ता ठरला. त्याच्या लगेच खाली वैमानिक, पाणबुडीवाले, नौदलाचे मार्कोस कमांडो. अधिकाऱ्याला 25,000, जवानाला 17,300. मग पायरी पायरीनं उतरत जायचं, ते पार हजार-बाराशे रुपयांच्या चौकोनापर्यंत.

मी विम्याच्या धंद्यातला माणूस. कोष्टक दिसलं की मला बरं वाटतं. पण हे कोष्टक वाचताना काहीतरी खटकत राहतं.

माझं घर चिखलीला, वास्कोपासून जवळ. गिऱ्हाइकं निम्मी बंदरातली आणि बोटीवर जाणारे तारवटी, निम्मी नौदलातली. सैन्यातल्या माणसाचा प्रस्ताव असला की नेहमीच्या अर्जाला एक जादा प्रश्नावली जोडावी लागते. विमानातून उड्डाण करता का? पाणबुडीवर आहात का? पॅराशूटनं उडी मारता का? सगळीकडे 'नाही' आलं की कागद पुढं सरकतो. प्रश्न चुकीचे नाहीत. पण ज्यांनी 'नाही' लिहिलं त्यांच्याबद्दल ते काहीच सांगत नाहीत, आणि सैन्यात 'नाही' लिहिणारेच तर जास्त असतात.

आमच्या नाक्यावर धोका अंतरात मोजतात. शत्रू जितका जवळ तितका धोका जास्त. सीमेवरचा पायदळाचा जवान सगळ्यांच्या वर. मग रणगाडा, मग तोफ. ड्रायव्हर, कारकून, आचारी, स्टोअरवाला हे सगळे 'मागचे'. आणि गोव्यात पोस्टिंग मिळालेला नौसैनिक म्हणजे तर सरकारी खर्चानं सुट्टीवर आलेलाच. हा शेवटचा विनोद करणारे लोक दाबोळीच्या धावपट्टीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात, याचं मला नवल वाटतं. धडाड आवाज करत विमान डोक्यावरून गेलं की बोलणं मध्येच थांबवायचं आणि ते गेलं की तिथूनच पुढं सुरू करायचं, ही सवय आम्हा सगळ्यांना लागलेली आहे. पण ते विमान म्हणजे कुणाची तरी नोकरी आहे, हे फारसं कुणाच्या मनात येत नाही.

16 नोव्हेंबर 2019. दाबोळीच्या हंसा तळावरून उडालेलं नौदलाचं मिग-29के हे सरावाचं विमान पक्ष्यांच्या थव्यात सापडलं. एक इंजिन बंद पडलं, दुसऱ्यानं पेट घेतला. दोघा वैमानिकांनी ते वस्तीवरून बाजूला काढलं, वेर्ण्याच्या सड्याच्या दिशेनं वळवलं आणि मग खुर्चीसकट बाहेर पडले. दोघंही वाचले. फेब्रुवारी 2020 मध्ये दुसरं मिग समुद्रात गेलं, वैमानिक वाचला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिसरं. त्यातला एक सापडला, दुसऱ्याचा मृतदेह हाती लागायला दिवसांमागून दिवस गेले. ऑक्टोबर 2022 मध्ये चौथं, वैमानिक सुखरूप. या चारही वेळा समोर शत्रू नव्हता. पक्षी होते, यंत्र होतं, समुद्र होता.

तेव्हा वैमानिकाचा चौकोन वरचा आहे ते बरोबरच. माझं म्हणणं त्याच्या खाली उभ्या असलेल्या माणसाबद्दल आहे.

माझं एक गिऱ्हाईक आजऱ्याकडचं, हंसावर विमानाचा तंत्रज्ञ. प्रश्नावलीत सगळीकडे 'नाही', आणि तेही एकदम खणखणीत. डाव्या हाताच्या तर्जनीचं नख काळंनिळं पडलेलं. मी विचारलं तर म्हणाला, "पॅनेल बसलं बोटावर. काय नाही काका, आमच्यात नख म्हणजे काही मोजत नाहीत." मग चहा येईपर्यंत बोलत बसला. वैमानिकाची ती बाहेर फेकणारी खुर्ची असते ना, तिच्याखाली स्फोटाची दारू असते. तीच माणसाला वर उडवते. विमान जमिनीवर असतं तेव्हा ही दारू चुकून पेटू नये म्हणून खुर्चीत पिना घालतात. प्रत्येक पिनेला लांब लाल पट्टी, म्हणजे ती विसरली जाऊ नये. उड्डाणाआधी काढायच्या, मोजायच्या, उतरल्यावर परत घालायच्या, परत मोजायच्या. "आणि मधल्या वेळात त्या खुर्चीवर वाकून काम कोण करतं? आम्ही," असं म्हणून तो हसला. पिन एक जरी कमी भरली तरी ती मिळेस्तोवर कुणी जागचं हलायचं नाही.

त्यानं आणखी एक सांगितलं, ते मला आजही चालता चालता आठवतं. सकाळी उड्डाणं सुरू व्हायच्या आधी सगळे एका रांगेत उभे राहतात, हातभर अंतर सोडून, आणि मान खाली घालून सावकाश चालत जातात. खडा, स्क्रू, वायरचा तुकडा, तुटलेलं बटण, जे दिसेल ते उचलायचं. जेट इंजिन समोरचं सगळं आत ओढतं आणि एवढासा खडा त्याची पाती फोडायला पुरतो. त्या रांगेत अधिकारीही असतात, सफाईवालाही असतो. विमानवाहू जहाजावर तर हे जास्तच कडक. तिथं पळायला जागा नाही. पुढून इंजिन ओढतं, मागून त्याची झळ भाजते, विमान अडवायला ताणलेली पोलादी दोरी तुटली तर माणूस कापला जातो. कानांवर आवाजरोधक लावलेले, त्यामुळे ओरडलेलं ऐकू येत नाही. कोण काय काम करतो ते अंगातल्या जॅकेटच्या रंगावरून ओळखायचं. "वैमानिकाकडं निदान ओढायला हँडल असतं," तो म्हणाला.

मला वाटतं, धोक्याची वाटणी करताना या हँडलचा कुणी विचारच करत नाही. ज्याच्या हातात स्वतःला सोडवायचं काही आहे आणि ज्याच्या हातात काहीच नाही, त्यांच्यासमोरचं संकट एकच असलं तरी धोका एक नसतो. वैमानिकाचा धोका आकड्यांत मोठा आहे, यात वाद नाही. पण निर्णय त्याचा आहे, त्याच्यासाठी खुर्ची आहे, पॅराशूट आहे. एप्रिल 2019 मध्ये विक्रमादित्य ही विमानवाहू नौका कारवारच्या बंदरात शिरत असताना आत आग लागली. जो तरुण अधिकारी आग विझवायला आत गेला तो गेला. जहाज धक्क्याला लागायच्या बेतात, घरचे कदाचित फोनची वाट पाहत असतील. कोष्टकात याला चौकोन कोणता द्यायचा?

अवजड, संथ टेहळणी विमानांना लोक सुरक्षित समजतात. 1 ऑक्टोबर 2002 रोजी दाबोळीवर अशा विमानांच्या स्क्वाड्रनचा रौप्यमहोत्सव होता. कौतुकाचं उड्डाण. दोन इल्युशिन-38 हवेत एकमेकांना धडकली. दोन्ही विमानांतले बाराही जण गेले, आणि अवशेष खाली पडले तिथं जमिनीवरच्याही माणसांचे जीव गेले. वास्कोत पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, तो दिवस कुठं होतात ते सांगेल.

आणि मग नोकरी एक, काम दुसरंच, असंही होतं. गोवा मुक्तीच्या वेळी, 18 डिसेंबर 1961 ला, अंजदीव बेटावर उतरवली ती पायदळाची तुकडी नव्हती. त्रिशूल आणि म्हैसूर या जहाजांवरचेच लोक हातात बंदुका देऊन होड्यांतून किनाऱ्याकडे पाठवले गेले. पोर्तुगिजांनी शरणागतीचं पांढरं निशाण दाखवलं आणि जवळ आल्यावर गोळ्या झाडल्या. नौदलाचे सात जण तिथं पडले. जहाजावर ज्याचं जे काम असेल ते असेल, त्या सकाळी ते पायदळ होते. मुक्तिदिनाची भाषणं दरवर्षी ऐकतो, त्यात सत्याग्रही असतात, रणगाडे असतात. या सातांचा उल्लेख क्वचित कानावर येतो.

समुद्राचा आणखी एक हिशेब असा की तो हुद्दा पाहत नाही. पाणबुडीत आचारी आणि कप्तान एकाच पोलादी नळीत असतात. डाळ कोण शिजवतं आणि टॉर्पेडो कोण सोडतं याला पाण्याखाली काही अर्थ नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे चाळीस हजारांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश परत आले नाहीत, त्यांतले आचारी वेगळे काढून कुणी मोजले नसतील. आपली सिंधुरक्षक तर 14 ऑगस्ट 2013 ला मुंबईच्या गोदीत, धक्क्याला बांधलेली असताना स्फोटानं बुडाली. आत अठरा जण होते. जहाजावर मात्र थोडा फरक पडतो. खुकरी 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ बुडाली तेव्हा दीव आपल्याच 'गोवा, दमण आणि दीव' प्रदेशात होतं. अठरा अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले, जहाज काही मिनिटांत खाली गेलं. वरच्या डेकवरच्या माणसाला उडी तरी मारता येते. इंजिनखोलीतला सगळ्यांत खाली, त्याला शिडीमागून शिडी चढून वर यायचं असतं. जहाजावर धोका शत्रूपासूनच्या अंतरावर नाही, शिडीच्या पायऱ्यांवर मोजावा लागतो.

आता 'स्टोअर'. घरातल्या पोराला स्टोअरकीपरची जागा मिळाली की आई देवाला नारळ फोडते. वर्धा जिल्ह्यात पुलगावला सैन्याचं मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे, आशियातल्या मोठ्या भांडारांपैकी एक. 31 मे 2016 ला मध्यरात्रीनंतर एका शेडला आग लागली. किमान सोळा जण गेले. दोन अधिकारी, आणि बाकी बहुतेक आग विझवायला धावलेले भांडाराचेच लोक. सीमा तिथून कुठल्याही दिशेला गेलं तरी शेकडो किलोमीटर. अडीच वर्षांनी, नोव्हेंबर 2018 मध्ये, पुलगावजवळच जुना दारूगोळा नष्ट करताना पुन्हा स्फोट झाला आणि सहा जण मेले. त्यांत आसपासच्या गावांतून रोजावर आलेले मजूर होते. त्यांना ना गणवेश, ना हुद्दा, ना भत्ता. सैनिकी कामांतल्या धोक्याबद्दल बोलताना हे मजूर कुणाच्याच यादीत नसतात. माझ्या यादीत ते बरेच वर आहेत.

असंच सुरुंगांचं. 2001-02 साली ऑपरेशन पराक्रममध्ये सैन्य सीमेवर जमलं, युद्ध झालंच नाही, पण सीमेवर सुरुंग पेरताना आणि पुढं ते काढताना सॅपर, म्हणजे सैन्यातले अभियंता जवान, मेलेच. डिसेंबर 2022 मध्ये सिक्कीममध्ये झेमा इथं सैन्याचा ट्रक दरीत गेला, सोळा जवान गेले. ट्रक चालवणं ही सैन्यातली कुणाला 'लढाऊ' न वाटणारी नोकरी.

सियाचीनचा दहावा चौकोन मात्र सरकारनं अचूक ठरवला, कारण तो कामाचा नाहीच, जागेचा आहे. तिथं 1984 पासून सैन्य आहे आणि आजवर गोळीनं मेले त्याहून कितीतरी जास्त थंडीनं, हिमकड्यांनी आणि विरळ हवेनं मेले. नोव्हेंबर 2003 पासून तिथं शस्त्रसंधी आहे. बर्फानं तो करार पाळलेला नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटचे दहा जण त्याखाली गाडले गेले. एक सहा दिवसांनी जिवंत निघाला, तोही पुढं रुग्णालयात दगावला. ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनवर कर्तव्यावर असताना पहिला अग्निवीर गेला, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला. सैन्याच्या निवेदनात त्याच्या नावाआधी कंसात लिहिलं होतं: ऑपरेटर. पदाचं नाव खुर्ची-टेबलाचं, पत्ता हिमनदीचा.

ऑपरेटर म्हटल्यावर मला इथलंच सिग्नलचं प्रशिक्षण केंद्र आठवतं. बांबोळीकडून जाताना सकाळी पोरं धावताना दिसतात. संदेशवहन म्हणजे मागची शाखा, असा समज आहे. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी तुटलेली टेलिफोनची तार जोडायला त्याच भडिमारात जावं लागायचं ते याच माणसांना. पुढं पाठीवर रेडिओ आला आणि त्याची उंच अँटेना. शत्रूच्या नेमबाजाला ती आयती खूण. आता तर अँटेना दिसायचीही गरज नाही. लहरी सोडल्या की जागा कळते आणि जागा कळली की काही मिनिटांत त्यावर काहीतरी येऊन पडतं. युक्रेनमध्ये ड्रोन चालवणारा आघाडीपासून दूर, तळघरात बसतो. तो 'मागचा' असूनही शत्रू आधी त्यालाच शोधतो. आघाडीमागे पंधरा-वीस किलोमीटरवर रसद नेणारा ड्रायव्हर आणि जखमींना आणणारी गाडी, यांच्यामागेही ड्रोन लागतात. धोक्याचा पत्ता असा बदलत राहतो, आणि बहुधा कोष्टक छापून झाल्यावर बदलतो.

इथवर वाचून कुणाला वाटेल की हा माणूस आता म्हणणार, सगळ्या नोकऱ्या सारख्याच. मुळीच नाही. खरं युद्ध पेटलं की नाक्यावरचे लोक बरोबर ठरतात आणि माझी सगळी उदाहरणं मागं पडतात. दुसऱ्या महायुद्धात परदेशी गेलेल्या अमेरिकन भूदलात पायदळाचं प्रमाण एक पंचमांशाहूनही कमी होतं, पण जखमी आणि मृतांत सुमारे सत्तर टक्के पायदळाचे. त्यांच्याशी बरोबरी होईल असे थोडेच. ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांवरचे सव्वा लाख वैमानिक आणि सहकारी, त्यांतले 55,000 हून जास्त मेले. ज्या रात्री ते उडत त्या रात्री त्यांची विमानं तयार करून देणारे खाली धावपट्टीवर सुखरूप असत. कारगिलला 1999 मध्ये पाचशेहून अधिक गेले, बहुतेक पायदळाचे, कितीतरी पंचविशीच्या आतले. डोंगर वर चढून जायचा होता आणि वर कुणीतरी बसलेलं होतं. तिथं कुठली शाखा हा प्रश्न फार खरा होता.

म्हणजे प्रश्न दोन आहेत, उत्तरं दोन आहेत. शांततेत माणूस मरतो तो यंत्रानं, हवेनं, दारूगोळ्यानं, रस्त्यानं, आणि तेव्हा जोखीम सगळ्या शाखांत विखुरलेली असते. युद्धात ती गोळा होऊन पायदळावर येते. हे मी विमा विकताना कुणाला सांगत नाही, कारण कुणी विचारतच नाही.

यंदा एकीनं विचारलं. आमच्या गल्लीतलं कुटुंब मूळ चंदगडचं, नवरा बंदरात. सगळा गोवा भरतीसाठी कोल्हापूरच्या कार्यालयाकडे येतो, त्यामुळे मुलाला तिकडची सगळी माहिती मामाकडून आधीच मिळालेली. अग्निवीरचा अर्ज भरायला दोघं माझ्याकडे आले. माझ्याकडे प्रिंटर आहे, एवढंच कारण. वहिनी बसल्या बसल्या म्हणाल्या, "भाऊ, ह्याला कुठलं लावू सांगा. गोळी लागणार न्हाई असलं."

मी वर लिहिलेलं काहीही सांगितलं नाही. पुलगाव नाही, सियाचीनचा ऑपरेटर तर नाहीच. अर्जाची पात्रता वाचून दाखवली. क्लार्क किंवा स्टोअरकीपरला बारावी, साठ टक्के, इंग्रजीत आणि गणितात किंवा हिशेबाच्या विषयात पन्नास. टेक्निकलला विज्ञान. जनरल ड्यूटीला दहावी, पंचेचाळीस टक्के. मुलगा दहावीला बावन्न टक्क्यांनी सुटलेला, बारावी अर्धवट. वहिनींना दोन मिनिटांत कळलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मार्कावरच हाय की."

मार्कांवरच आहे. भरतीत सगळ्यांत जास्त जागा जनरल ड्यूटीच्या, त्यांतूनच पायदळ भरतं, आणि तिथं पोचायला क्लार्क किंवा टेक्निकलपेक्षा मार्क कमी लागतात. हे काही कुणाचं कारस्थान नाही. पायदळाला माणसं जास्त लागतात, इतकं ते सरळ आहे. पण कुठल्या वाडीतली शाळा कशी आहे, गणिताला मास्तर होता की नव्हता, यावर पुढं डोंगर चढायचा की वही भरायची हे ठरतं, आणि वेतन आयोगाच्या उभ्या-आडव्या रेघांत हे कुठंच येत नाही.

मग वहिनींनी विमा विचारला. ते माझं खातं. 48 लाखांचा, हप्ता पगारातून कापत नाहीत. अपंगत्व आलं तर शंभर, पंच्याहत्तर आणि पन्नास टक्क्यांचे तीन टप्पे, 44, 25 आणि 15 लाख. "ते टक्के कोण काढतं?" मी म्हटलं, सैन्याच्या डॉक्टरांचं बोर्ड. त्यांनी मान हलवली आणि चार वर्षांनंतर किती जणांना ठेवून घेतात ते विचारलं. चारातल्या एकाला, मी म्हटलं. यावर त्या जितका वेळ गप्प राहिल्या तितका गोळीच्या प्रश्नावर राहिल्या नव्हत्या.

मुलाला यातलं काही ऐकायचं नव्हतं. त्याची 1.6 किलोमीटरची वेळ अजून काही सेकंद कमी व्हायला हवी होती, आणि चिखलीच्या पंचायतीच्या मैदानावर संध्याकाळी फुटबॉलवाले जागा अडवतात ही त्याची तक्रार होती. मी म्हटलं पहाटे जा. तो म्हणाला, पहाटेही दोन-चार येतात, पण ते भरतीचेच.